संस्थेचं धान्य खातो

११ डिसेंबर २००६, सोमवार, अमरावती

अकरा वर्षं महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवलं. दर जुलैला नवं पत्र, दर एप्रिलला घरी. आज पहिल्यांदा कुणीतरी मला स्वतःचं टेबल दिलं. टेबलाला खण आहे आणि खणाला किल्लीही आहे. म्हणून ही डायरी घरी न ठेवता इथे ठेवणार आहे.

पद मोठं आहे, प्रशिक्षण अधिकारी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, कारण हेही वर्षाच्या कंत्राटावरच. पण आमचे विभागप्रमुख उद्धवराव म्हणाले, "कुंदाताई, पाहणी नीट करा. कायम करायचं मी बघतो." हे वाक्य मी बसमध्ये चार वेळा मनात म्हटलं.

आमची मदतसंस्था अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ज्या घरातला कर्ता माणूस गेला अशा घरांना दर महिन्याला ज्वारी आणि तूरडाळ पोचवते. कसा गेला ते विचारत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. धान्य गोदामात येतं, गाडीत चढतं, गावात उतरतं. हे करणाऱ्या माणसांच्या अंगात कोणतं कौशल्य आहे, कोणतं नाही, आणि त्यांना काय शिकवायला हवं, हे मी शोधायचं. मुख्य कार्यालयाकडून बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म आला आहे. शेवटी 'शेरा' म्हणून तीन ओळी मोकळ्या आहेत.

१४ डिसेंबर, गुरुवार

सकाळच्या एसटीने अकोला, तिथून काळीपिवळीत कोंबून बार्शीटाकळी. गोदाम म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची शेड. गोदामपाल जहीरभाई. पन्नाशीचे, खांद्याला हमालीचा घट्टा, शिक्षण उर्दू चौथी. वीस वर्षं अकोल्याच्या ट्रान्सपोर्टवर माल चढवला, पाच वर्षांपासून आमच्याकडे. आणि अशा माणसाच्या हाती आठशे घरांचं धान्य!

मी विचारलं, "साठा व्यवस्थापन म्हणजे काय?"

"माल खराब नाई झाला पायजे मॅडम, अन् ज्याचा त्याले भेटला पायजे. अजून काय रायते?"

चारपैकी एक गुण दिला.

"वाहतुकीतली जोखीम तुम्ही कशी ओळखता?"

"नाकानं."

शून्य. थट्टा करतोय असं वाटलं, पण चेहरा तसा नव्हता.

मग गाडी आली. भाड्याचीच, ड्रायव्हर देवमन नावाचा. गाडी पस्तीस मिनिटांत भरून निघायला हवी असं फॉर्ममध्ये आहे. मी घड्याळ लावून बसले. जहीरभाई डाल्यात, म्हणजे गाडीच्या मागच्या माल भरायच्या भागात चढले, वाकून कोपरे हुंगत फिरले. मग एका कट्ट्यातून, म्हणजे पोत्यातून, मूठभर ज्वारी काढून डाल्यात टाकली, पायाखाली घालून फळ्यांवर चांगली घासली, आणि खाली उतरून उन्हात बसले. थंडी मरणाची होती हे खरं, पण म्हणून कामाच्या वेळेला ऊन खात बसायचं? अर्ध्या तासाने पुन्हा चढले. तीच घाणेरडी ज्वारी गोळा केली, तोंडात टाकून गाईसारखी रवंथ केली, भिंतीकडे जाऊन थुंकले, नळावर चुळा भरल्या, आणि पुन्हा डोळे मिटून बसले. हमाल ताटकळलेले, देवमन हॉर्न वाजवतोय, आणि साहेब बसलेत ध्यानाला. पाव तासाने डोळे उघडून म्हणाले, "भरा."

गाडी निघाली तेव्हा दीड तास झाला होता. शेऱ्याच्या तीनही ओळी कामी आल्या. एक, गाडी भरण्यास अकारण विलंब. दोन, संस्थेचं धान्य खातो. तीन, आवारात थुंकतो.

फॉर्मवर सही करताना त्यांची बोटं थरथरत होती. मी शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही काही घेता का?" ते म्हणाले, "तौबा करा मॅडम." फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि हमालांकडे निघून गेले. विचारायला नको होतं बहुतेक. पण फॉर्ममध्ये व्यसनांचा रकाना आहे, मी काय करू?

२० डिसेंबर, बुधवार

भातकुलीचं गोदाम. गोदामपाल पुंजाराम, बी.ए. झालेला, फॉर्मच्या भाषेत बोलतो. बेचाळीसपैकी अडतीस उत्तरं बरोबर. तुरीच्या कट्ट्यांमागे उंदरांची लेंडकं दिसली. उंदरांवर प्रश्न नाही.

२९ डिसेंबर, शुक्रवार

सगळ्या गोदामांची माणसं अमरावतीला बोलावून प्रशिक्षण झालं. मी दोन तास पडद्यावर चित्रं दाखवून बोलले. इतकी माणसं माझं इतकं निमूट ऐकतायत हे सुख मला अकरा वर्षांत मिळालं नव्हतं. जहीरभाई शेवटच्या रांगेत. मध्येच पाहिलं तर खिडकीतून खाली उभ्या गाड्यांकडे बघत होते. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते खोटं नाही.

मग लेखी परीक्षा. जहीरभाई कागद घेऊन माझ्याजवळ आले. "मॅडम, मराठी बोलता येते, वाचाले वेळ लागते. तुमी वाचून दाखवान तं मी सांगतो."

मी म्हटलं नियमात बसत नाही. ते म्हणाले, "ठीक हाये," आणि जाऊन बसले. पन्नासपैकी नऊ.

नियमात बसत नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मला भीती वाटली की उद्धवराव दारातून बघतील, आणि एकाला सूट दिली म्हणतील. हे इथे लिहिलं म्हणून बरं वाटतंय असंही नाही.

६ जानेवारी २००७, शनिवार

अहवाल दिला. एकोणसाठ पानं. उद्धवरावांनी माझ्यासमोर शेवटचं प्रकरण वाचलं आणि म्हणाले, "व्वा! असं कुणीतरी रोखठोक लिहायला हवंच होतं." मी कॉलेजात असताना माझ्या कुठल्याच कागदाला कुणी व्वा म्हटलं नाही. येताना राजकमल चौकात थांबून आईसाठी बालूशाही घेतली.

२२ जानेवारी, सोमवार

जहीरभाईंना गोदामपाल पदावरून काढलं. अगदी काढलं नाही, भातकुलीला हमाल म्हणून घेतलं. घर बार्शीटाकळीत, बायको आबेदा तिथेच, आणि हा माणूस शंभर किलोमीटरवर पोती उचलणार. मी असं सुचवलं नव्हतं. मी फक्त 'प्रशिक्षणाची तीव्र गरज' लिहिलं होतं.

पत्र उद्धवरावांनी सर्वांदेखत वाचून दाखवलं, शेऱ्यांसकट. "संस्थेचं धान्य खातो" याला दोघं-तिघं हसले. जहीरभाईंनी मान वर करून मला शोधलं. मी फाईल चाळत होते.

त्यांच्या जागी अद्वैत आला आहे. व्यवस्थापनाची पदविका, चुणचुणीत, मला 'मॅम' म्हणतो. किल्ल्या देताना जहीरभाई त्याला म्हणाले, "साहेब, गाडी आली का घाई नोका करू. आधी अंदर वाकून पाहा. मी एक दिवस थांबतो, समदं दाखवून देतो."

अद्वैत म्हणाला, "काका, मॅन्युअल आहे ना."

सुंठीवाचून खोकला गेला, असं उद्धवराव चहा पिताना म्हणाले. मीही हसले.

१९ फेब्रुवारी

बार्शीटाकळीची गाडी भरायला सरासरी वेळ तेहतीस मिनिटं. मुख्य कार्यालयाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं आहे. त्यात माझं नाव आहे, आडनाव चुकलं आहे.

१० मार्च, शनिवार

दुपारी फोन आला. बार्शीटाकळीहून गुरुवारी गेलेल्या धान्याची भाकरी खाऊन एका गावात चौदा माणसं आजारी. उलट्या, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. सगळ्यांना अकोल्याला हलवलं आहे. उद्धवराव म्हणाले, "तुम्ही जा कुंदाताई. बाईमाणूस पाहून लोक जरा शांत राहतात."

११ मार्च, रविवार, अकोला

तेरा वाचतील. गंगूबाई नावाच्या म्हातारीने पहाटे जीव सोडला.

तिची सून कौशल्या खाटेवर उठून बसली होती, हाताला सलाईन. नवरा दीड वर्षापूर्वी फवारणीचं औषध पिऊन गेलेला, म्हणूनच तिचं नाव आमच्या यादीत. मी संस्थेची म्हटल्यावर ती ओरडेल असं वाटलं होतं. ती हळू बोलत राहिली.

"सासू म्हने, भाकरीले वास येते वं. मी म्हनलं, आत्याबाई, फुकटच्याले नावं नोका ठिवू, खा गपचिप. मीच म्हनलं तिले, खा."

मग हाताच्या सलाईनकडे बघत म्हणाली,

"मले वयखू आल्ता वास, बाई. माया धन्याच्या तोंडाले व्हता तोच. घरात लेकरायले भूक लागेल व्हती, म्हून मी नाक दाबलं."

बाहेर येऊन बाकावर बसले. रडू येत नव्हतं, आपण रडलो तर कुणाला दाखवायला रडतोय असं वाटलं असतं. दवाखान्याच्या दारात केळीवाला होता, सहा केळी घेतली आणि कौशल्याच्या उशाशी ठेवून आले. याहून मूर्खपणाची गोष्ट मी आयुष्यात केली नसेल.

१६ मार्च, शुक्रवार

चौकशी. देवमनने सगळं सांगून टाकलं. आदल्या दिवशी त्याच गाडीतून त्याने फवारणीच्या औषधाचे खोके नेले होते. एक डबा फुटून डाल्यात सांडला. त्याने पाणी मारलं, वाळलं, वर ताडपत्री अंथरली. अद्वैतने गाडीचा नंबर लिहिला, घड्याळ पाहिलं, आणि भरायला सांगितलं. फळ्यांत मुरलेलं औषध खालच्या थरातल्या कट्ट्यांत उतरलं.

"जहीरभाई असता तं मी ती गाडी आनलीच नसती," देवमन म्हणाला. "त्यानं कट्टा चढूच देल्ला नसता. मागच्या उन्हाळ्यात दोनदा वापस पाठोलं मले. डाल्यात गुळाचा खडा ठिवे अन् पाहात बसे. मुंग्या आल्या अन् जित्त्या रायल्या तं भरा म्हने. मेल्या तं चाल घरी. मी शिव्या देत जाओ त्याले."

म्हणजे तो वेळ काढत नव्हता. दीड तास मी घड्याळ लावून जे मोजलं, ते हे होतं. अकारण विलंब! विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. कान उपटून घ्यावेत असं वाटलं, स्वतःचे.

पण न्यायाने बोलायचं तर तीनपैकी हा एकच शेरा चुकला. धान्य खाणं आणि थुंकणं यांचा मुंग्यांशी संबंध नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२ एप्रिल, सोमवार

चौकशीचा निष्कर्ष : 'स्थानिक कर्मचाऱ्यांमध्ये प्रशिक्षणाचा अभाव.' खाली प्रशिक्षण अधिकारी म्हणून माझी सही हवी.

मी उद्धवरावांना म्हटलं, "ज्याला येत होतं त्याला आपण हलवलं, हे यात कुठेच नाही."

ते म्हणाले, "कुंदाताई, हलवलं कुणाच्या अहवालावरून, हेही मग लिहावं लागेल." आवाज चढवला नाही, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. त्याच फाईलखाली दुसरा कागद होता, मला कायम केल्याचा.

दोन्हींवर सह्या केल्या. आईने देवापुढे साखर ठेवली.

११ जुलै, बुधवार

नव्या प्रशिक्षण पुस्तिकेत मी 'मुंगी चाचणी' घातली. गुळाचा खडा, वीस मिनिटं, मृत मुंगी आढळल्यास वाहन परत. मुख्य कार्यालय खूश आहे, 'स्थानिक ज्ञान' म्हणतात याला. बाकीच्या राज्यांतही लावणार आहेत. जहीरभाईंचं नाव मसुद्यात होतं. उद्धवराव म्हणाले, पुस्तिकेत व्यक्तींची नावं नसतात. मुखपृष्ठाच्या आत संकल्पना म्हणून माझं नाव आहे, आडनाव बरोबर आहे.

या वेळी मी दोनदा विरोध केला. तिसऱ्यांदा केला नाही.

१७ डिसेंबर २००७, सोमवार

नव्या पुस्तिकेचं पहिलं मोठं प्रशिक्षण. साठ माणसं, हमालांनाही बोलावलं होतं, कारण आता सगळ्यांनाच प्रशिक्षण सक्तीचं आहे. जहीरभाई शेवटच्या रांगेत, अंगात जुना स्वेटर. वर्षभरात फार वाळलेत. त्यांना पाहिलं, तरी मी मुंगी चाचणीचं चित्र लावलं आणि बोलले. काय करणार, पुढचं पान तेच होतं.

"काही शंका?"

जहीरभाई उभे राहिले. "मॅडम, हे उन्हाळ्याचं झालं. आता पूस लागून राहिला. थंडीत मुंग्या कोठून आणसान?"

सगळे हसले. पुंजाराम सगळ्यांत मोठ्याने.

"मग थंडीत काय करायचं?" मी विचारलं.

"तुमच्याजवळ लिहेल हाये ते," असं म्हणून ते खाली बसले.

शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. जहीरभाईंना मी माझ्या हाताने मुंगी चाचणीचं प्रमाणपत्र दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

माझ्याजवळ काय लिहिलेलं आहे? पुस्तिका तीनदा वाचली. त्यात थंडीचं काहीच नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

राहवेना म्हणून आज न कळवता भातकुलीला गेले. सकाळची वेळ, तोंडातून वाफ निघत होती. आवारात गाडी उभी. पुंजाराम पुस्तिका हातात धरून उभा होता. डाल्यात गुळाचा खडा, वीस मिनिटं. एक मुंगी आली नाही. पुंजारामने वाचलं, 'मृत मुंगी आढळल्यास वाहन परत.' मृत मुंगी आढळली नव्हती. त्याने बरोबरची खूण केली. माझ्या पुस्तिकेप्रमाणे ते अगदी बरोबर होतं.

मग जहीरभाई डाल्यात चढले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वाकून कोपरे हुंगले. मूठभर ज्वारी टाकली, पायाने फळ्यांवर घासली, खाली उतरून उन्हात बसले. अर्ध्या तासाने पुन्हा चढले, ती ज्वारी गोळा केली आणि तोंडात टाकली.

मी वर्षापूर्वी जे पाहिलं तेच, जसंच्या तसं. चावणं, भिंतीकडे जाऊन थुंकणं, चुळा, डोळे मिटून बसणं. मी तीन ओळींत लिहिलेली तीन वेगवेगळी पापं म्हणजे त्या माणसाचं एकच काम होतं.

मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "जहीरभाई, तुम्ही स्वतः चाखता?"

"मुंग्या नाई तं कोन चाखन? जीभ चुरचुरली, बधिर झाली का गाडी वापस. नाई झाली तं पाव घंटा बसाचं. कवा कवा उशिरानं समजते."

"किती वर्षं?"

"पाच-सहा हिवाळे झाले. आता आबेदाच्या हातचं जेवनबी सपक लागते. तिले वाटते, परदेसी राहून माया जीव नाई रायला तिच्यात." ते हसले. मांडीवरची बोटं थरथरत होती, त्या दिवशी सही करताना थरथरली होती तशीच.

"तुम्ही तेव्हाच मला का नाही सांगितलं?"

"तुमी मले काय इचारलं, मॅडम? दारू पेता काय, हे इचारलं."

त्यांनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "लिहा ना. कागद आनला असन. जहीर संस्थेचं धान्य खाते."

पाव तास होत आला तसे ते जिभेवर बोट फिरवत उठले. पुंजारामला म्हणाले, "गाडी वापस करा." पुंजाराम पुस्तिका दाखवायला लागला. मी म्हटलं, गाडी परत. वर्षभरात अधिकारी म्हणून उच्चारलेले माझे हे पहिले उपयोगाचे दोन शब्द.

जहीरभाई पुन्हा नळावर जाऊन चुळा भरत होते, बराच वेळ. मी डाल्यात चढले. फटीत ज्वारीचे काही दाणे राहिले होते. ते गोळा करून तळहातावर घेतले. एक दाणा, फक्त एक, जिभेवर ठेवून बघायचा होता. हा माणूस दर हिवाळ्यात मूठभर चावतो, आणि मी त्या गोष्टीचं नाव चोरी लिहिलं. हात तोंडापर्यंत नेला. अंगावर आल्यासारखा मोठ्याने हॉर्न वाजला तेव्हा कळलं, मी तशीच उभी आहे.

दाणा तोंडात घातला नाही. धीरच झाला नाही.

संध्याकाळी कार्यालयात आले तर टेबलावर उद्धवरावांची चिठ्ठी होती. मुख्य कार्यालयाने विचारलं आहे, हिवाळ्यातल्या चाचणीबद्दल पुस्तिकेत काय घालायचं, आणि ते काम करायला किती माणसांना प्रशिक्षण द्यावं लागेल.

दाणे रुमालात बांधून आणलेत. खणात ठेवले आणि किल्ली लावली.